जिन्याखालचा वर्ग

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात नणंद-भावजय राहतात. भावजयीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आणि नणंदेने लग्नच केलं नाही, त्यामुळे घरात माणसं म्हणायची तर या दोघीच. नणंद टेलिफोन ऑफिसात होती. "जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली, आता स्वतःचं तुटू देत नाहीत," असं भावजय तिच्याबद्दल म्हणते, तेही तिच्या तोंडावर. ही तिला 'वन्सं' म्हणते, ती हिला 'वहिनी', आणि दोघींचा वाद जिन्यात उभं राहिलं तरी ऐकू येतो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे, बाकीचं वन्संच्या तोंडून आलेलं.

गोष्ट भावजयीची आहे. सरकारी शाळांमध्ये तिला चुटकीबाई म्हणत. ज्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, ज्यांची समज वयाच्या मागे राहिली आहे, अशा मुलांना ती शिकवायची. नवं मूल आलं की आधी त्याच्या पाठीमागे उभी राहून चुटकी वाजवायची, मग बाजूने, मग समोरून. मूल वळतं, दचकतं, हसतं, की ढिम्म बसून राहतं, यावरून सुरुवात कुठून करायची ते ती ठरवायची. मुलांना तो खेळ वाटायचा. काही जण दिवसभर तिच्या बोटांकडेच बघत बसायचे.

निवृत्ती जवळ आली होती तेव्हा जिल्हा शिक्षण मंडळाच्या साहेबांनी तिला ऑफिसात बोलावून घेतलं. जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत अशा मुलांसाठी खास वर्ग चालत. त्या वर्गांतून मुलांना खरोखर काय मिळतं हे तपासून अहवाल द्यायचा होता.

"मला गोडगोड अहवाल नको, बाई," साहेब म्हणाले. "दिसेल ते लिहा. तुम्ही कोणाची भीड ठेवत नाही असं ऐकलंय, म्हणून तर तुम्हाला निवडलं."

ती घरी आली ती हवेतच. वन्सं भाजी चिरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खरं जाणून घ्यायचं असतं तर तो साहेब स्वतः गेला असता. बसचं तिकीट काय फार महाग नाही."

"वन्सं, तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही."

"बघवतं हो. दिसत नाही फक्त."

तरी सकाळी भावजयीचा डबा वन्संनीच भरला.

ती महिनोन्‌महिने फिरली. कधी बसने, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून. शाळेत जायची ते न कळवता. कागदोपत्री प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा होता: याला काय येतं, वर्षभरात काय यायला हवं. एका शाळेत तिने सगळे आराखडे एकाखाली एक ठेवून वाचले तर सगळ्यांत तीच वाक्यं, नाव तेवढं बदललेलं. एका आंधळ्या मुलीच्या आराखड्यात लिहिलं होतं, 'चित्रं ओळखून रंग भरते.' बोलायला शिकवणारे एक तज्ज्ञ सगळ्या शाळांच्या यादीत होते आणि एकाही शाळेने त्यांना पाहिलेलं नव्हतं. एका ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीत चाकांची नवी खुर्ची होती, प्लास्टिकही न काढलेली. तिच्यावर क्रीडास्पर्धेचे चषक मांडून ठेवले होते. ज्या मुलासाठी ती आली होती त्याला त्याचे वडील रोज पाठीवर घेऊन यायचे.

"खुर्ची द्या ना त्याला," चुटकीबाई म्हणाली.

"खराब करील हो," मुख्याध्यापक म्हणाले. "मग तपासणीला दाखवणार काय?"

हे तिने घरी सांगितलं तेव्हा वन्सं हसता हसता थांबल्या आणि उठून तिचं पान वाढायला गेल्या.

ट्रकच्या थांब्यामागे एक मोठी शाळा होती. तिथे मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणत आणि खास वर्गाच्या तरुण शिक्षिकेला धाकट्या बाई. मोठ्या बाईंनी चुटकीबाईला सगळी शाळा दाखवली, नवीन संगणक दाखवले, बाग दाखवली. खास वर्ग कुठेच आला नाही.

"आणि तो वर्ग?"

"खाली आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम फोन आला.

वर्ग जिन्याखाली होता. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकत, अजूनही अर्ध्या खोलीत ती रचलेली होती. खिडकी नव्हती. भिंतीला ओल आली होती. दिव्याची नळी सारखी फडफडायची. उरलेल्या अर्ध्या जागेत धाकट्या बाई आणि त्यांची सगळी मुलं: एक हातपाय आखडलेला, एक सतत डुलणारी, दोघं न ऐकणारे, एकाला फेफरं यायचं. लहान, मोठी, सगळी एकत्र. त्यांना शौचाला न्यायचं तर पटांगण ओलांडून, आणि मदतनीस म्हणून मंजूर झालेली बाई मोठ्या बाईंच्या ऑफिसात चहा करायची.

चुटकीबाई दारातच उभी होती तेवढ्यात मधल्या सुट्टीची वेळ झाली. घंटा व्हायच्या जरा आधी धाकट्या बाईंनी टाळी वाजवली. मुलं उठली, एकामागे एक बसली आणि प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवर हात ठेवला. घंटा झाली. अख्खी शाळा त्या जिन्यावरून धडधडत खाली उतरायला लागली. छतातून माती पडत होती. खाली ही मुलं पुढच्याच्या पाठीवर थोपटत होती, डुलणारी मुलगीसुद्धा, धडधड थांबेपर्यंत.

"आधी सगळी किंचाळायची," धाकट्या बाई म्हणाल्या. "मग हे सुचलं."

रांगेत सगळ्यात मागे एक उंच, काटकुळी मुलगी होती. अकराएक वर्षांची. बोलत नव्हती, एक शब्दही नाही. ती बोलत नाही हे कळल्यावर आईने मुद्दाम तिचं नाव बदलून मैना ठेवलं होतं, म्हणजे निदान नावामुळे तरी बोलेल. तिच्या पाठीमागे कोणीच नव्हतं, म्हणून धाकट्या बाई तिथे बसल्या होत्या.

वर्गात आली तेव्हा ही मैना कोणाला आवरत नसे. दार उघडं दिसलं की सुटायची ती थेट ट्रकच्या रस्त्यावर. आता ती जागेवर बसत होती, स्वतःच्या फ्रॉकची बटणं लावत होती, लघवीला लागली की पोटावर हात थापटून सांगत होती. तिची आई शाळेमागच्या बेकरीत कामाला होती, तिथून मोडकी बिस्किटं पाठवायची. ती वाटायचं काम मैनाकडे होतं. तिने एक बिस्कीट चुटकीबाईला दिलं, हातात नाही, थेट तोंडात.

सुट्टी संपल्यावर चुटकीबाई आणि धाकट्या बाई दाराबाहेर बोलल्या. हे बोलणं चुटकीबाईने वन्संना इतक्यांदा सांगितलं की मलाही ते पाठ झालंय.

"काय लिहिणार तुम्ही?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"आहे ते. ही माणसं ठेवायची खोली नाही."

"मला कळतं ते. मी रोज इथेच असते." मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तेवढं लिहू नका, बाई. पाया पडते तुमच्या. खोली वाईट आहे म्हणालात तर चांगली देणार नाहीत ते. ही पण काढून घेतील."

"न लिहिलं तर आणखी दहा वर्षं इथेच बसतील ही मुलं. तुमच्याबद्दल चांगलंच लिहीन मी."

"माझ्याबद्दल लिहू नका हो! माझं काय घेऊन बसलात?"

चुटकीबाईने लिहिलं. तिच्या स्वभावात दुसरं बसत नव्हतं. ती पहिल्यापासून असं मानत आली होती की दुखणं नीट सांगितलं तरच डॉक्टर औषध देणार. अहवालात तिने प्रत्येक शाळेचं जे होतं ते मांडलं आणि शेवटी काय काय करायला हवं तेही मांडलं: खोल्या, मदतनीस, बोलायला शिकवणारे, ने-आणीची गाडी. धाकट्या बाईंच्या कामाबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला. साहेबांनी अहवाल चाळला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "असं काम पाहिलं नव्हतं." त्या दिवशी तिने घरी येताना वन्संसाठी चपला आणल्या. वन्संना त्या घट्ट झाल्या, तरी घातल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या त्या आठवड्यात आदेश निघाला. मंडळाच्या ऑफिसातल्या फळ्यावर लावला होता. चुटकीबाई वाचायला गेली तर पहिली काही वाक्यं तिचीच होती, शब्दाला शब्द. खोल्या राहण्यायोग्य नाहीत. आराखडे बनावट आहेत. तज्ज्ञ उपलब्ध नाहीत. त्याखाली लिहिलं होतं: 'सबब सदर वर्ग तात्काळ बंद करण्यात येत असून विद्यार्थ्यांना सर्वसाधारण वर्गांत सामावून घेण्यात येत आहे.' तिने काय करायला हवं म्हणून लिहिलं होतं त्यातलं एक अक्षर नव्हतं.

ती साहेबांकडे गेली. ते चिडले नाहीत, त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"बाई, तुम्हीच म्हणालात ना की तिथे मुलांचे हाल होतात? आम्ही हाल थांबवले. आता ती सगळ्या मुलांच्या बरोबरीने शिकतील. जगात सगळीकडे हेच चाललंय."

"सर्वसाधारण वर्गात साठ-साठ मुलं आहेत, साहेब. तिथल्या शिक्षकांना या मुलांचं काही माहीत नाही."

"त्यांचं प्रशिक्षण होईल."

"कधी?"

"टप्प्याटप्प्याने." मग ते तिच्याकडे जरा दयेने बघत म्हणाले, "तुमचा अहवाल नसता तर हे इतक्या लवकर झालंच नसतं. इतकी वर्षं कोणी बोलायलाच तयार नव्हतं."

ते तिचं मनापासून कौतुक करत होते, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं, असं वन्सं म्हणतात.

त्यानंतर ती मुलांचा शोध घेत फिरली. कुठे सामावून घेतलंय ते बघायला. हजेरीत नावं होती. वर्गात मुलं नव्हती. पहिले काही दिवस आली, मग कोणी चड्डीत केली, कोणी बाकाखाली जाऊन बसला, कोणाला इतरांनी चिडवून रडवलं, आणि मग आईबापांना सांगण्यात आलं की सध्या घरीच ठेवा, नाव चालू राहील. चाकांच्या खुर्चीवर अजून चषकच होते. जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं. धाकट्या बाईंची नोकरी कंत्राटी होती, ती वर्गाबरोबरच संपली होती. औषधाच्या एका दुकानात त्या हिशेबाला बसायला लागल्या होत्या. चुटकीबाई तिथे गेली तेव्हा त्यांनी तिला ओळख दिली नाही. तिच्यामागच्या गिऱ्हाईकाला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

मग ती मैनाच्या घरी गेली. बेकरीच्या मागच्या बोळात एक खोली. दाराला बाहेरून कडी. आतून कसलासा आवाज येत होता, काहीतरी घासल्यासारखा. तिने कडी काढली.

खाटेच्या पायाला जुन्या चादरीची लांब पट्टी बांधली होती आणि पट्टीचं दुसरं टोक मैनाच्या कमरेला होतं. गाठ पाठीवर, हाताला लागणार नाही अशी. मैना जमिनीवर बसून खाटेचा पाय पुढे-मागे ढकलत होती. फरशीवर त्याचा पांढरा ओरखडा पडला होता. बाजूला पाण्याचं भांडं, पाव, आणि ओलं झालेलं फडकं. खोलीत वास भरला होता. चुटकीबाईला बघून मैना थांबली नाही.

तिने गाठ सोडायला घेतली तेवढ्यात मागून आवाज आला, "सोडू नका."

मैनाची आई दारात उभी होती. हाताला कोपरापर्यंत पीठ. शेजारणीने सांगितलं म्हणून धावत आली होती.

"सोडलीत तर रस्त्यावर जाईल. परवा ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. माझी सुट्टी संध्याकाळी होते. तोवर कोण बघणार? तुम्ही?"

चुटकीबाईने गाठीवरचा हात काढला.

"मला काय हौस आहे का पोटच्या पोरीला बांधून ठेवायची?" आई म्हणाली. ती रडत नव्हती. "चांगली बटणं लावायची. आता फ्रॉकच घालत नाही अंगात, फाडून टाकते. पोटावर थापटून सांगायची. पहिले काही दिवस थापटत राहिली. घरात कोणी नाही, कोणाला सांगणार? मग बंद केलं तिने." तिने फडकं उचललं, कोपऱ्यात टाकलं. "शाळेत कोणीतरी तपासणीला आली होती म्हणे. तिने लिहिलं, खोली वाईट आहे. खोली वाईटच होती. पण पोर माणसात होती हो."

"ती मीच," चुटकीबाई म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं. शिवी देईल असं वाटलं. पण तिला बेकरीत परत जायचं होतं, भट्टी चालू होती. "मग बसा आता तिच्यापाशी," एवढं बोलून ती निघून गेली.

चुटकीबाई संध्याकाळपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. ऑफिसात रजा टाकली. मंडळाची सभा होती तिथे ती आमंत्रण नसताना गेली आणि उभी राहून बोलली की माझ्या अहवालाचा असा अर्थ लावायचा नव्हता, मुलं शाळेबाहेर पडली आहेत, एकेकीला घरात बांधून ठेवलंय. अध्यक्षांनी आभार मानले आणि तिच्या भावना नोंदवून घ्यायला सांगितलं. आठवड्याभरात तिची बदली पाठ्यपुस्तकांच्या गोदामात झाली. तिथे तिने थोडे दिवस पुस्तकांचे गठ्ठे मोजले, आणि मग मुदतीआधीच निवृत्ती घेतली. साहेबांनी निरोप समारंभ ठेवला होता. ती गेली नाही. भेटीचं घड्याळ शिपायाने घरी आणून दिलं.

त्यानंतर तिचा दिनक्रम एकच. सकाळी मैनाची आई कामावर जायच्या आत बोळातल्या खोलीत हजर व्हायचं आणि ती परत आली की निघायचं. मैना बोचकारायची, थुंकायची. कित्येक दिवस तिने तिला जवळ येऊ दिलं नाही. वन्संनी घरात तोंडाचा पट्टा सोडला.

"अख्खा जिल्हा तपासलात आणि आता एका पोरीची राखण? बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं मला होत नाही."

"मग हिचं तरी कशाला? मनाला बरं वाटावं म्हणून?"

"बरं वाटत नाही, वन्सं. जराही नाही."

काही दिवसांनी चुटकीबाईला ताप आला, अंथरुणातून उठवेना, तर वन्संनी त्या घट्ट चपला पायात घातल्या, पर्स घेतली आणि पत्ता विचारला. गेल्या त्या नाक मुरडत. आल्या तेव्हा गालावर ओरखडा होता. "पोरीचं नशीब, मी टेलिफोन ऑफिसात होते," त्या म्हणाल्या. "तिथे याहून वाईट ऐकलंय." पुढे दोघी आळीपाळीने जायला लागल्या. पट्टी सुटली, पण दाराला आतून उंचावर कडी बसवावी लागली. मैना हळूहळू फ्रॉक अंगात ठेवायला लागली. बटणं दुसऱ्यांना लावू द्यायला लागली. पूर्वी स्वतः लावायची, ते परत आलं नाही.

कोर्टात जायचं धाकट्या बाईंच्या मनात आलं. एका संध्याकाळी त्या बोळातल्या त्या खोलीत आल्या, चुटकीबाईकडे न बघता मैनाच्या आईशी बोलायला लागल्या. एक वकील फुकट केस चालवायला तयार होता. अर्जावर सही करायला पालक हवे होते. बरेच जण घाबरत होते. मैनाची आई म्हणाली, "घाबरायला माझ्याकडे उरलंय काय?" आणि सही केली. मग धाकट्या बाई वळल्या आणि वर्ग बंद झाल्यापासून पहिल्यांदाच चुटकीबाईशी बोलल्या, "तुम्हाला साक्ष द्यावी लागेल."

"देईन."

"तुमचाच अहवाल वाचून दाखवतील ते."

"माहीत आहे."

आणि तसंच झालं. वन्सं कोर्टात होत्या, मीही गेले होते; मैनापाशी त्या दिवशी शेजारीण बसली होती. मंडळाचा वकील तरुण होता, आवाज मोठा. त्याने जिन्याखालच्या खोलीबद्दलचं पान वाचलं, ओल, अंधार, मोडकी बाकं, सगळं.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"यातलं काही खोटं आहे?"

"नाही."

"'ही माणसं ठेवायची खोली नाही.' तुमचेच शब्द. मग आता तुमचं म्हणणं काय, मुलांना तिथेच ठेवायचं?"

चुटकीबाईने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "खोली वाईट आहे असं मी लिहिलं," ती म्हणाली. "मुलं नकोत असं लिहिलं नव्हतं. गळकं घर दुरुस्त करा म्हटलं तर तुम्ही माणसांना बाहेर काढलंत."

"विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या."

"तेच देतेय."

वकील हसला, बसला. मैनाची आई मागच्या बाकावर होती. साक्ष संपल्यावर तिने उठून चुटकीबाईला जागा करून दिली.

केस रेंगाळली. तारखा पडत गेल्या. मधल्या काळात फेफरं येणारा तो मुलगा वारला. घरी एकटा होता, वर्गात असता तर कदाचित वाचला असता, कदाचित नसता. चाकांच्या खुर्चीच्या मुलाचे वडील त्याला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेले. त्या न ऐकणाऱ्या दोघांपैकी एक गॅरेजमध्ये लागला, तो बरा आहे. अर्जावर सह्या केलेल्यांपैकी काहींनी माघार घेतली. जिल्ह्यात एकूण किती मुलं अशी घरी बसली हे कोणालाच सांगता आलं नाही, कारण हजेरीत ती सगळी शाळेत होती.

शेवटी निकाल लागला. काही शाळांतले वर्ग पुन्हा सुरू करा, चांगल्या जागेत करा, मदतनीस द्या, असा. निम्म्याहून कमी शाळा होत्या, पण ट्रकच्या थांब्यामागची त्यात होती. वर्ग पहिल्या मजल्यावर भरणार होता, धाकट्या बाईंना परत घेतलं होतं. निकालाच्या दिवशी वन्संनी आमच्याकडेही पेढे पाठवायला काढले होते, तेवढ्यात धाकट्या बाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"मैनाला घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "चौदाच्या पुढे गेली ती. त्या वर्गाला वयाची अट आहे. मी मोठ्या बाईंकडे गेले, साहेबांकडे गेले. नवे साहेब आहेत. नियम आहे म्हणतात."

मैनापाशी त्या दिवशीही शेजारीण होती; चुटकीबाई, वन्सं आणि धाकट्या बाई अशा तिघी बेकरीत गेल्या. मैनाची आई कणकेच्या टेबलाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. हात थांबले नाहीत.

"म्हणजे केस माझ्या नावावर," ती म्हणाली, "आणि जागा दुसऱ्यांच्या पोरांना."

तिने कणकेवर कोरडं पीठ भुरभुरलं.

"पुढे मोठ्यांसाठी काही आहे?"

"सध्या नाही," धाकट्या बाई म्हणाल्या.

आईने कणकेचा गोळा उलटा केला, जोरात आपटला. "जाऊ दे. त्यांची तरी सुटू देत. जा तुम्ही, वर्ग उघडा. उशीर नका करू." आणि मग चुटकीबाईला म्हणाली, "तुम्ही उद्या येताय ना?"

"येतेय."

पेढे तसेच राहिले. वन्संनी ते दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या पोरांना वाटून टाकले.

याला आता दोन वर्षं होत आली. गेल्या हिवाळ्यात चुटकीबाई बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती घरात काठीने फिरते, जिना उतरवत नाही. बोळातल्या खोलीत आता रोज वन्संच जातात. त्यांना शिकवायचं काही ठाऊक नाही. त्या मैनाला समोर बसवतात आणि अखंड बोलतात: टेलिफोन ऑफिसातली साहेबमंडळी, कुणाचं कुणाशी जमलं होतं, खालच्या मजल्यावरची भाडेकरू, माझ्याबद्दलही बोलत असणार. मैनाला त्यातलं काय कळतं देव जाणे, पण वन्संच्या आवाजाला चढ आला की ती हसायला लागते.

संध्याकाळी वन्सं घरी आल्या की भावजय त्यांना उलटसुलट विचारते. जेवली का, कपडे ओले झाले का, बोचकारलं का. वन्सं आधी वैतागतात आणि मग सगळं नीट सांगतात. एवढ्यात एकदा मी तिथेच बसले होते. मैनाच्या आईला बेकरीत चक्कर आली होती, डॉक्टरने हृदयाची तपासणी करायला सांगितलीय, असं वन्संनी सांगितलं. चुटकीबाईने काठी भिंतीला टेकवली. मैना आता सोळा वर्षांची आहे, अंगाने भरलेली, दोघींपेक्षा उंच. तिच्या आईनंतर काय, हे त्या घरात कोणी बोलत नाही. मग वन्सं उठल्या आणि सकाळी लवकर निघायचं म्हणून गजर लावायला गेल्या.